उशीसाठी कापूस

आमच्या दश्तक गावात विद्यापीठाच्या त्या तीन मजली इमारतीला कुणी इमारत म्हणत नसे. अकनझर म्हणत. दारावर निळ्या पत्र्याच्या अक्षरांत पूर्ण नाव होतं, ‘अकनझर किमातशोयेव अध्यापन भवन’, पण एवढं लांबण तोंडात कोण घोळवत बसणार? सकाळी बस थांबली की फाटकापाशी हेच ऐकू यायचं.

“अकनझर उघडला का गं?”

“उघडलाय, पण गारठलाय नुसता. कोट काढू नको.”

“पहिला तास कुठं?”

“अकनझरच्या टाळक्यावर.” म्हणजे तिसऱ्या मजल्यावर.

नळ फुटला की अकनझरला सर्दी झाली. परीक्षा आल्या की अकनझर खायला उठला. मी दुसऱ्या मजल्यावर फारसी शिकवतो, म्हणजे पोरांच्या हिशेबी अकनझरच्या पोटात. माझ्या तासाला कुणी पेंगलं की मागच्या बाकावरून आवाज येतो, “पोटात गेलेलं पचायला लागलं, मुअल्लिम.”

आणि हे सगळं बसथांब्याच्या बाकावर बसून एक म्हातारी ऐकत असे. निसोमो खाला. अकनझरची आई.

बसमध्ये ती कधी चढली नाही. भाचीच्या घरून चालत यायची, बाकावर शाल पसरायची आणि पोरांची बोलणी ऐकत बसायची. मी एकदा म्हटलं, “खाला, थंडी किती आहे, आत तरी येऊन बसा.”

ती म्हणाली, “आत तुम्ही लोक शिकवता. आत त्याचं नाव कोण घेतं? इथं बसलं की सकाळपासून कानावर पडतं. आज एकजण म्हणाला, अकनझर लवकर बंद होणार. मी म्हटलं, होऊ दे बाबा, दमला असेल.”

अकनझर माझ्याबरोबर नोकरीला लागला होता. त्याचा विषय नद्या आणि बर्फ. उन्हाळा आला की पोरापोरींना घेऊन खोऱ्याच्या माथ्यावरच्या हिमनदीवर जायचा, बर्फात काठ्या रोवायचा आणि पुढच्या वर्षी त्या किती खाली सरकल्या ते मोजायचा. दिसायला आडदांड, बोलायला मऊ. बैठकीला बसला की पाचव्या मिनिटाला झोपायचा आणि नेमका मत द्यायच्या वेळी हात वर करायचा. कशाला हात वर केला ते मग आम्ही त्याला सांगायचो.

आईला त्याने बर्फाचं सगळं शास्त्र स्वयंपाकघरात शिकवलं होतं. पाट एका बाजूने उचलून धरायचा, त्यावर सैल भिजवलेल्या कणकेचा गोळा ठेवायचा आणि वरच्या टोकाला जर्दाळूची बी खुपसायची. कणीक आपली हळूहळू उतरते, दिसतसुद्धा नाही उतरताना. चहा होईस्तोवर बी खालच्या काठाला बाहेर डोकावलेली असते. “बघ, नान,” तो म्हणायचा, नान म्हणजे आमच्यात आई, “बर्फ कुणाचं काही ठेवून घेत नाही. वर घेतलेलं खाली आणून देतो. फक्त त्याचा चहा व्हायला वेळ लागतो.”

एका उन्हाळ्यात त्याने पोरांना सांगितलं, तुम्ही उतरायला लागा, मी शेवटची काठी रोवून आलोच. पोरं उतरली. तो आला नाही. दोर टाकून शोधलं, कुत्री आणली, राजधानीतून हेलिकॉप्टर आलं. काठी सापडली, सरळ रोवलेली. माणूस नाही.

विद्यापीठाने इमारतीला त्याचं नाव दिलं. भाषणं झाली, सगळे रडले. निसोमो खाला रडली नाही. लोक तिला म्हणाले, आता दिवा लावून टाक. आमच्यात माणूस गेला की तिसऱ्या संध्याकाळी आमचे धर्मगुरू, खलीफा, घरी येतात, घरच्यांनी आणलेल्या कापसाची वात वळतात, तुपात भिजवून दिवा लावतात, रबाब मांडीवर घेऊन गातात. मधेच थांबून गाण्याचा अर्थ सांगतात, पुन्हा गातात. त्या उजेडात जिवाला वाट दिसते. दिवा लागला नाही तर जीव उंबऱ्यातच घुटमळतो. हे मी पुस्तकातलं सांगत नाही. मी अशा कितीतरी बैठकांना मांडी घालून बसलोय, आणि रबाबाची पहिली तार छेडली की खोलीतून काहीतरी हलकं होऊन वर गेल्याचं मला दर वेळी जाणवलंय. पण दिवा लावायचा म्हणजे घरच्यांनी तोंडाने म्हणायला लागतं, की तो गेला. खाला ते म्हणेना.

“बी आली होती ना बाहेर?” ती विचारायची. “मग तोही येईल. आधीच दिवा लावला आणि मग आला, तर काय तोंड दाखवू?”

पुढच्याच वर्षी चिखलाचा लोंढा आला आणि तिचं घर, आमच्यात प्रत्येक घराला असतात त्या पाचही खांबांसकट, नदीत गेलं. अकनझर ज्या घरात जन्मला, निजला, ते घर. ती भाचीकडे, जरागुलकडे, सरकारी चाळीत राहायला गेली. तेव्हापासून नवरोझच्या सकाळी, आपापल्या घराच्या खांबांवर आम्ही पिठाचे पंजे उमटवतो ना, तसे ती या इमारतीच्या दर्शनी खांबांवर उमटवू लागली. वाटीत पीठ घेऊन यायची. खांब चारच होते, सिमेंटचे, खरखरीत. पीठ छान धरायचं. “चार खांबांचं घर असतं होय कुठं?” ती म्हणायची. “पाचवा यायचाय.”

अशी वर्षं गेली. मग एका हिवाळ्यात तिची छाती भरली ती पुरती मोकळी झालीच नाही. डॉक्टर जरागुलशी दाराबाहेर बोलला, आणि आतल्या खोलीत खालाने जे समजायचं ते समजून घेतलं. मी भेटायला गेलो तर उशाशी कापसाचं गाठोडं. बोंडातून सरकी काढत बसली होती.

“मुअल्लिम,” ती म्हणाली, “बर्फाचा चहा काही माझ्या जिवंतपणी होत नाही. मी गेले तर त्याच्यासाठी कापूस कोण आणणार? दिवा लावून घ्या.”

एवढं बोलायला तिला किती वर्षं लागली होती. मी मान खाली घातली.

“पण इथं नाही लागणार,” ती म्हणाली. “खलीफांना विचारलंय मी.”

आमच्या खोऱ्यात नेम असा आहे, की दिवा ज्याचा, तो त्याच्याच छपराखाली लागतो. ज्या छपराखाली तो निजला ते, नाहीतर जे त्याच्या नावाचं आहे ते. परक्या छपराखाली लावला तर त्या छपराच्या धन्याच्या नावे जातो. जरागुलच्या घरात अकनझर कधी निजला नव्हता, आणि तिचा नवरा, मौला त्याला राखो, जिवंत होता.

“त्याच्या नावाचं छप्पर गावात एकच आहे,” खाला म्हणाली. “तुम्ही तिथंच असता. तेवढं विचाराल?”

आमची डीन सफरमो. अकनझरची विद्यार्थिनी, त्या दिवशी बर्फावरून जी पोरं उतरली त्यांतली एक. मी दार लोटून आत गेलो, दार लावलं आणि सांगितलं. तिने चष्मा काढला.

“ओलिमशो अका, तुम्ही माझी नोकरी घालवायला आलात की मला तुरुंगात पाठवायला?”

“दिवाच लावायचाय, सफरमो. आग नाही लावायची.”

“सरकारी इमारतीत धर्माचं काही करायचं नाही. हे तुम्हाला मी सांगायला हवं?”

“नको. मला येतं वाचता.”

“मग?”

“मग काही नाही. तिच्याकडे दुसरं छप्पर नाही.”

ती खिडकीपाशी गेली. तिथून बाक दिसायचा. खाला त्या दिवशी तिथं नव्हती, अंथरुणात होती, पण सफरमो बराच वेळ बाकाकडेच बघत राहिली.

“सर मला म्हणाले, सफरमो, तू पुढं हो, तुझे बूट फाटलेत,” ती म्हणाली. “बूट फाटले होते म्हणून मी ही खुर्ची उबवतेय. मला काय हौस आहे नाही म्हणायची?” मग वळून एकदम डीनच्या आवाजात म्हणाली, “आपल्याकडे लोकसंगीताचा कार्यक्रम बऱ्याच दिवसांत झाला नाही.”

“नाही झाला.”

“तळमजल्यावरची खोली. तास सुटल्यावर. कुणीतरी रबाब वाजवेल. विजेचा काही भरवसा नाही, तेव्हा टेबलावर एखादा दिवा असलेला बरा.”

“फारच बरा.”

“हसू नका, अका. आणि नवरोझच्या आधी उरका. या गुरुवारीच.”

“एवढी घाई?”

तेव्हा तिने सांगितलं. राजधानीतल्या एका कंत्राटदाराने इमारतीला नवं छप्पर, नव्या खिडक्या आणि ऊब द्यायचं कबूल केलं होतं. बदल्यात नाव. त्याचं नव्हे, त्याच्या वडिलांचं: होलमुरोद बोबो, म्हणजे होलमुरोद आजोबा. कागद वरून सही होऊन आले होते. नवरोझनंतर अक्षरं बदलायची होती.

“म्हातारा कधी गेला?” मी विचारलं.

“गेला कुठं! आहे. थकलाय फार. मुलाला वाटतं, डोळे मिटायच्या आत त्याने आपलं नाव बघावं.”

मी खालाला नावाचं काही बोललो नाही. गुरुवारचं तेवढं सांगितलं. तिने डोळे मिटून छातीवर हात ठेवला, “या मौला,” म्हणाली आणि लगेच जरागुलला हाक मारली, “माझा निळा रुमाल धुऊन टाक गं. कळकट दिसायला नको.”

गुरुवारी दुपारी मी आणि जरागुल तिला मधे धरून हळूहळू घेऊन निघालो. कापसाचं गाठोडं तिने आम्हाला कुणाला धरू दिलं नाही. खलीफा पैलवोन पुढे चालत होते. नाव पैलवोन, पण अंग काडीसारखं. रबाब त्यांनी बटाट्याच्या पोत्यात घातला होता.

“खलीफा, पोतं कशाला?” जरागुलने विचारलं.

“लोकसंगीत आहे ना,” ते म्हणाले. “लोक बटाटेच नेतात.”

खालासुद्धा हसली. हसता हसता खोकली. वाटेत तीन मुली भेटल्या, एक म्हणाली, “अकनझरकडे निघालात का, खाला?” आणि खाला म्हणाली, “हो गं, आज त्याच्याकडेच.”

कोपऱ्यावरून वळलो आणि मी थांबलो. दारापुढे तीन मोठ्या गाड्या. शिडी लावलेली. निळी अक्षरं पायरीशेजारी बर्फात ढीग करून टाकलेली, आणि दारावर पिवळीजर्द, चकचकीत, नवी.

सफरमो धावत आली. अंगात कोट नव्हता. “अका, मला सकाळी कळलं. खिंडीत मोठा बर्फ पडणार म्हणून ते लोक आधीच निघाले. नवरोझनंतरही रस्ता बंदच राहील म्हणे. आत जेवणं चाललीत. कुलगुरू आहेत, सगळे आहेत.” मग तिला खाला दिसली आणि ती जागीच थांबली.

खालाने वर बघितलं. तिची नजर अजून चांगली होती. तिने नवी अक्षरं एकेक करून वाचली. बाकापाशी गेली, शाल पसरली, बसली, आणि गाठोडं मांडीवर ठेवलं. जरागुल तिच्यासाठी गरम शीरचाय, दुधाचा खारा चहा, बघायला चाळीकडे पळाली.

मी खलीफांना बाजूला घेतलं. “आता?”

“आता कसं लावू, मुअल्लिम? छप्पर दुसऱ्याचं झालं. दिवा त्याला जाईल. आणि तो माणूस आजारी आहे म्हणता. जित्या, आजारी माणसावर मेलेल्याचा दिवा? मौलाला काय सांगू मी?”

“पण तो इथं निजलाय!” मी म्हणालो. “खलीफा, मी शपथेवर सांगतो. नेम काय म्हणतो, ज्या छपराखाली निजला ते. अकनझर याच छपराखाली निजलाय, बैठकीत, कितीदातरी! घोरलासुद्धा आहे.”

खलीफांच्या दाढीत हसू आलं आणि तिथंच विरलं. “बैठकीतली झोप धरत नाहीत, लेकरा.” पण ते विचारात पडले. त्यांनी पोतं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. “तरी... तळमजल्याची ती खोली. तिथं तो शिकवायचा?”

“तिथंच.”

“तिथं भिंतीला टेकून कधी डोळा लागला असेल त्याचा, मधल्या सुट्टीत?”

“लागला असेलच की!”

“असेल नको. लागला होता, असं म्हणा. म्हणजे मी बांधील नाही.”

“लागला होता,” मी म्हणालो. आणि सफरमो, थंडीने काकडत, हलक्या आवाजात म्हणाली, “मीही पाहिलंय. मागच्या दाराने या. ते लोक वरच्या मजल्यावर आहेत. मी खाली कुणाला येऊ देत नाही. जे होईल ते होईल.”

मला वाटलं, झालं. खरंच वाटलं. मी खालाला हात द्यायला बाकाकडे वळलो.

बाकावर तिच्याशेजारी एक म्हातारा येऊन बसला होता. जाड अंगरखा, फरची टोपी, चेहरा मेणासारखा. जेवणावरून उठून एकटाच बाहेर आला असावा. पायात आतले मऊ जोडेच होते, बर्फाने ओले झालेले. मी दोन पावलांवर थांबलो.

“बहिणी,” तो तिला विचारत होता, “वर काय लिहिलंय, ते तुला दिसतं का?”

“चष्मा घरी राहिला,” खाला म्हणाली.

“माझं नाव आहे.”

“चकाकतंय छान.”

“कसलं छान! भिंतीवर नाव कुणाचं लावतात? मेलेल्याचं. मी पोराला म्हटलं, अरे, मला घाई करू नको. तर म्हणतो, बाबा, हा मान आहे.” त्याने हात बाहीत ओढून घेतले. “मी रात्री उठून बसतो. मरणाचा दूत यायचा, नावं वाचत वाचत यायचा, आणि म्हणायचा, हा, हा तर लिहून झालेला दिसतोय. हसतेस?”

“नाही हसत, बोबो.”

“याआधी कुणाचं होतं?”

“होतं एकाचं.”

“तो मेला ना?”

खालाने गाठोड्यावर हात ठेवला. मी बघत होतो. मागे सफरमो आणि खलीफा उभे होते, तेही बघत होते. बर्फ भुरभुरायला लागला होता आणि तिच्या निळ्या रुमालावर साचत होता.

“नाही,” खाला म्हणाली. “बर्फावर गेलाय. यायचाय.”

“म्हणजे जित्या माणसाचं नाव होतं?”

“जित्याच.”

“खरं सांगतेस?”

“त्याची आई आहे मी. मला नाही माहीत तर कुणाला?”

म्हाताऱ्याने मोठा श्वास सोडला. खांदे खाली आले. “मग बरं. मग हे लोक जित्यांचीही लावतात. पोरगा खोटं बोलत नव्हता तर.” मग त्याची नजर तिच्या मांडीवर गेली आणि आवाज पुन्हा बारीक झाला. “हा कापूस कशाला? मी ऐकलंय, तुम्हा खोऱ्यातल्या लोकांत मेलेल्यासाठी वात वळतात.”

“उशीसाठी,” खाला म्हणाली. “मान दुखते माझी. पातळ झालीय उशी.”

“माझीही दुखते,” तो म्हणाला. “जाडी कर. पातळ उशीत झोप येत नाही.”

मुलाची माणसं त्याला शोधत बाहेर आली, “बाबा, बाबा” करत त्याला उचलल्यासारखं आत घेऊन गेली. जाताना तो मागे वळून तिला काहीतरी म्हणाला, वाऱ्यात ते ऐकू आलं नाही.

मी पुढे झालो. “खाला, चला. खलीफा तयार आहेत. मागच्या दाराने.”

तिने गाठोड्याची गाठ घट्ट केली. “घरी चला, मुअल्लिम.”

“खाला, अहो, जमलंय. सफरमो म्हणते—”

“ऐकलंत ना मी काय बोलले ते? आता आत जाऊन दिवा लावू, तो मेलाय म्हणून? त्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर?” ती उठायला गेली, उठता आलं नाही, पुन्हा बसली. “दुसऱ्याचा बाप घाबरून मरेल. तोही कुणाचा तरी आहे.”

“पण अकनझरचं काय?”

“त्याचं काय,” ती म्हणाली. प्रश्न नव्हता तो.

खलीफांनी त्या दिवशी रबाब पोत्यातून काढला नाही. मी आयुष्यभर त्यांचं गाणं ऐकत आलोय. दुखणं असो, दुष्काळ असो, त्यांच्याकडे त्या वेळेपुरतं काहीतरी असायचंच, एखादं कडवं, एखादी गोष्ट. परतीच्या वाटेवर मी सारखी वाट बघत होतो, की आता बोलतील. ते खालाच्या चालीने चालत राहिले, पोतं खांद्यावर, आणि चाळीच्या दाराशी “या अली मदद” एवढंच म्हणून गेले.

नवरोझला ती वाटीत पीठ घेऊन आलीच. जरागुल धरून घेऊन आली. तोवर खांबांना चकचकीत काळ्या दगडाचा मुलामा चढवला होता. तिने पंजा पिठात बुडवून दाबला, हात काढला, पीठ खाली गळून गेलं. दुसऱ्या खांबावर केलं, तेच. जरागुल म्हणाली, मावशी, हात ओला करून बघू या. ती म्हणाली, “नको. पीठ कशाला वाया घालवायचं?” आणि उरलेलं वाटीतलं घरी परत नेलं.

जर्दाळूचा बहर गळत असताना ती गेली.

तिसऱ्या संध्याकाळी खलीफा आले. जरागुलच्या घरात ती निजली होती, तिथं तिचा दिवा लागायला काही अडचण नव्हती. खलीफांनी कापूस मागितला. जरागुल आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. मी म्हटलं, ते गाठोडं कुठंय? ती रडायला लागली.

“त्याच दिवशी उशीत भरला हो तिने, परत आल्यावर. सगळा. मी म्हटलं, मावशी, राहू दे थोडा. तर म्हणाली, उशीसाठी आहे म्हणून सांगितलंय मी.”

ती उशी तिच्याबरोबर मातीत गेली होती. दुकानातून औषधाचा कापूस आणला. त्याची वात नीट वळेना, तूप धरेना. दिवा लागला खरा, पण तडतडत राहिला.

खलीफांनी तिचं नाव घेतलं आणि जरागुलकडे बघितलं. “मुलाचंही घेऊ? आईच्या उजेडात लेकरू चालून जाईल.”

“नको म्हणालीय,” जरागुल म्हणाली. “शेवटपर्यंत बजावत होती. त्याचं नाव माझ्या दिव्यात घेऊ नका, तो जिता आहे असं मी सांगून बसलेय.”

खलीफा गायले. चांगलं गायले असतील. मी डोळे मिटून बसलो होतो, जे दर वेळी हलकं होऊन वर जातं त्याची वाट बघत. तेलकट धूर तेवढा वर गेला.

होलमुरोद बोबो अजून आहेत असं ऐकतो. मौला त्यांना राखो.

इमारत आता उबदार आहे. छप्पर गळत नाही. नवी पोरं तिला ‘नवी’ म्हणतात; नवीत भेटू, नवीत तास आहे. मागच्या बाकावर पेंगणाऱ्याला कुणी पोटाबिटाचं बोलत नाही, ती चेष्टाच त्यांना ठाऊक नाही. निळी अक्षरं मी दुसऱ्या दिवशी शोधायला गेलो होतो. भंगारवाला घेऊन गेला होता.

या उन्हाळ्यात सफरमोची एक विद्यार्थिनी हिमनदीवरून परत आली. जिन्यात भेटली तेव्हा मी विचारलं, “बर्फाचं खालचं टोक आता कुठं आलंय? पूर्वी त्याच्यापुढे दगडांचं मैदान होतं. काही बाहेर आलं तर लांबून दिसायचं.”

“आता मैदान नाही, मुअल्लिम. तळं झालंय,” ती म्हणाली. “बर्फ थेट पाण्यातच तुटतो. फार खोल आहे, आमची दोरी तळाला पुरली नाही.”

“म्हणजे वरून काही आलं तर?”

“तर तळाशी जाणार. कोण बघणार?” तिने माझ्याकडे पाहिलं. “तुमचं काही राहिलंय का वर?”

घंटा झाली. मी म्हटलं, “नाही. जा, तुला तास असेल,” आणि दुसऱ्या मजल्यावर चढलो.